केळीच्या बंधाची पेंढी

माझा नातू अमरावतीला शाळेत आहे. सुट्टीत आला की वर्तमानपत्र घेऊन येतो आणि ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो. मला अक्षरं लागतात, पण बारीक छाप्याला डोळे पुरत नाहीत, म्हणून मी ऐकतो. परवा त्यानं एका राक्षसाची गोष्ट वाचली. राक्षस समुद्रापलीकडून येतो, लोकांच्या ताटातलं उचलतो आणि वर त्यांनाच ढेकर द्यायला लावतो, असं बरंच होतं. ओट्यावरची माणसं एकमेकांना कोपर मारून हसत होती. राक्षस कोण ते सगळ्यांना कळलं, आणि छापणाऱ्यानं तर नाव कोणाचंच घेतलेलं नाही. नातू म्हणाला, "आजोबा, कसं झाकून मारलं पाहा! सरकारला हातच लावता येत नाही." मी म्हटलं, "ते खरं. पण राक्षसाच्या कोठीत काय भरलं हाये, हे आत जाऊन पाह्यलं कोनं? सरकारातल्याच कोन्या कारकुनानं ना? त्याचं काय झालं, ते बी छापलं हाये का?" नातू पेपर उलटून पाहू लागला, जसं काही मागच्या पानावर असेल.

गोदा असती तर तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं असतं. तिला जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, म्हातारी सुटली, देवाकडे गेली, सोनं झालं. मी म्हणतो, मेली. लोकांना वाईट वाटतं. पण छप्पन्न-सत्तावन्न वर्षं जिच्यासोबत काढली तिला झाकलेलं बोलणं खपत नव्हतं, आता तिच्याबद्दलच झाकून बोलू काय? ते तिला का खपत नव्हतं एवढं लिहून ठेवायला बसलो आहे. नातू म्हणतो, पुस्तकात "मले" नका लिहू, "मला" लिहा. लिहितो बाबा. पण माणसं जशी बोलली तशीच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव वलगावापासून दोन कोसांवर. आम्ही माळी. दोन बिघ्यांची वाडी, विहीर, आणि मोटेचे दोन बैल, मोऱ्या आणि चांद्या. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू झाली की घर जागं व्हायचं. बाप बैलांच्या मागे उलटं चालत जायचा, उतारावर नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसायचा आणि पाणी थारोळ्यात पडलं की "हाऽ मोऱ्याऽ" म्हणायचा. त्या आवाजावर माय भाकरी थापायची. वांगी आमची, मिरच्या आमच्या, भेंडी, झेंडू, बांधाला केळीची चार बनं. भाकर, जवसाची चटणी, तेल सोडून परतलेली काळी वांगी. लोक म्हणायचे, माळ्याच्या घरी सुख आहे. होतंच.

मग कापसाचं वेड आलं. दूर कुठं गोऱ्यांच्या मुलखात लढाई लागली होती, साहेबांच्या गिरण्यांना कापूस मिळेना, असं बाजारातून ऐकलं. आम्हाला दिसलं ते एवढंच की अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटेना आणि गावातला जो तो ज्वारीच्या रानात सरकी टाकू लागला. माझ्यासारख्याला आधी मजा वाटली. कुणब्यांच्या पोरांच्या डोक्यावर जरीचे पटके आले. पाटलानं आपल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. ज्वारीची वाळली ताटं, तेच तर बैलाचं वर्षाचं जेवण. वर पाटलानं गावचं गायरान नांगरलं आणि तिथंही कापूस लावला. गायरान सगळ्यांच्या जनावरांचं, पण पाटलाला विचारणार कोण? श्रावणात जिथं बैलाच्या गुडघ्याएवढं गवत असायचं तिथं कापसाची हिरवी झाडं डोलत होती, आणि त्यांना तोंड लावलं तर बैलाला काठी पडायची. आमच्या मोऱ्याच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या. मोट भरून वर येताना तो मध्येच थांबायचा आणि बाप नाड्यावरून उतरायचा.

एक आशा होती ती आदल्या सुगीत रचलेल्या गावच्या गंजीची. आमच्याकडे सुगीत दर घरानं आपल्या कडब्यातल्या पेंढ्या काढून एक मोठी गंजी रचायची चाल होती. अडचणीच्या दिवसात ती सगळ्यांत वाटायची. ती रचायची पाटलाच्या जागेत. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी पाटलानं सांगितलं, गंजी पहिल्या झडीत भिजली, सडली, म्या उकिरड्यावर टाकून देल्ली. लोक हळहळले आणि घरी गेले.

गोदा आणि तिची माय सोना ह्या दोघी पाटलाच्या गोठ्यात शेण काढायच्या, आणि पाटलाच्याच आवारात एका खोपटात राहायच्या. आमच्याच जातीच्या, पण बिनावावराच्या. गोदाचं लगीन पाळण्यातलं म्हणावं इतक्या लहानपणी झालं आणि नवरा पटकीनं गेला, तिनं त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. माझीही पहिली नवरी नांदायला यायच्या आधीच देवीच्या रोगानं गेली होती. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लगीन होतं, म्हणून माझ्या मायच्या मनात गोदा होती. माझ्याही होती, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच.

पोळ्याच्या चार दिवस आधी भर दुपारी ती वांगी घ्यायला वाडीत आली. माय वांगी तोडत होती, मी आळं करत होतो. गोदा उभ्या उभ्या म्हणाली, "मावशी, गंजी सडली नाई. गोठ्यामांगच्या कुडाच्या भिताडाआड उभी हाये. गाय आत घुसली म्हनून मी तिच्यामांग गेली, तं पाह्यली. कापसाच्या गाड्यायचे बैल खातात ते."

माय म्हणाली, "दुसरी कोनाची असन."

"तुमची पेंढी वयखू येत नाई का? केयीच्या सोपटानं बांधेल. गावात तसा बंध दुसरं कोन बांधते?"

हे खरं होतं. कुणबी लोक अंबाडीच्या दोरानं पेंढी बांधतात. आमच्याकडे केळी, म्हणून आम्ही केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचा, बंध घालायचो. गोदा जाताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू कोनाले सांगू नोको. त्या भिताडाआड गड्याशिवाय आमी दोघीच जातो." मी मान हलवली.

आता झडतीचं सांगतो. पोळ्याला गावाच्या आखरावर, जनावरं गोळा करायच्या मोकळ्या जागी, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सगळे बैल सजवून उभे करतात, आणि तोरण तोडून बैल सोडायच्या आधी लोक एकेक पुढे येऊन झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं जोडलेलं बोलणं, शेवटी सगळ्यांनी "हर हर महादेव" म्हणायचं. वर्षभर जे तोंडावर बोलता येत नाही ते त्या दिवशी म्हणायची मुभा असते. अट एकच, नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं नाही तर ज्याला लागलं त्यानंही रागवायचं नाही. रागावला तर त्यानंच कबूल केलं असं गाव धरायचं. मी तेव्हा विशीच्या आत होतो आणि झडत्यांत माझा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मला त्याची घमेंड होती. ती आज कबूल करतो, तेव्हा कोणी कबूल करवून घेतली नसती.

चार दिवस मी मोटेमागे चालत ती झडती जोडत होतो. पाटलाचं नाव कुठंच येत नव्हतं, इशारा तेवढा बरोबर बसत होता. गोदाचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. मी मनाला सांगितलं, मी कुठं कोणाचं नाव घेतो? केळीचा बंध मला फार आवडला होता. तो काढून पाहिला तर झडती फिकी पडली. मी तो परत घातला. एवढीच माझी चूक. ती एवढी लहान होती की मला चूक वाटलीच नाही.

पोळ्याच्या दिवशी मायनं पुरण शिजवलं. ज्वारी विकत आणावी लागत होती त्या वर्षी तिनं डाळ कुठून काढली कोण जाणे. मोऱ्या-चांद्याच्या खांद्याला तूप-हळद लावली, शिंगं गेरूनं रंगवली, पाठीवर झूल टाकली. झूल टाकल्यावर बरगड्या झाकल्या गेल्या आणि बाप म्हणाला, "आता पाह्य कसा दिसते!" आखरावर सगळ्यांचेच बैल असे नटलेले आणि भुकेले. हलगी वाजत होती. बैल बिचकून माना झाडायचे तेव्हा घुंगरमाळा वाजायच्या. पुढे पाटलाचे दोन बैल, चांदीच्या शेंब्यांचे, चकाकत्या अंगाचे. बायका आरत्या घेऊन एका बाजूला उभ्या. त्यांच्यामागे, पाटलाच्या घरचं ताट धरायला, सोना आणि गोदा.

दोघातिघांनी साध्या झडत्या म्हटल्या. मग मी पुढे झालो.

"पांढऱ्या बोंडाचा पडला पाऊस, हिरवं गेलं वाहून,
बैल पुसे बैलाले, काय जगावं खाऊन?
साऱ्या गावची वैरन म्हने पान्यानं गेली सडून,
केयीच्या बंधाची पेंढी मंग रडते कोठून?
भिताडाआड उभी हाये, डोये मिटून, अंग चोरून,
गावाचा घास कोन गियते, सांगा तोरन धरून!"

"हर हर महादेव" इतक्या जोरानं उठलं की बैल मागे सरले. तोरणाची दोरी धरून उभा होता तो पाटीलच. लोक त्याच्याकडे पाहत नव्हते, पण सगळ्यांचे कान तिकडे होते. आतून मी फुललो होतो.

पाटील हसला. गडी त्याच्या हातात नारळ देत होता तो त्यानं स्वतः आणून माझ्या हातात ठेवला. "वा रे किसना! आवडली. शब्दाले धार हाये तुह्या." मग तो वळला आणि आपल्या गड्याला म्हणाला, आवाज मात्र सगळ्या आखराला ऐकू जाईल असा, "सन झाला का गोठ्याले दोन दुसरे हात पाह्य. जुन्या हातायले शेन सोडून भलतंच काही लागून राह्यलं."

तेव्हा मला कळलं. मी पाटलाचं नाव झाकलं होतं. पण भिंतीआड काय आहे हे सांगताना, ते पाहिलं कोणी, हे मी उघडं करून ठेवलं होतं. पाटलाला मी लागलोच नाही. त्याचा वार माझ्या अंगावरून सरळ गोदाकडे गेला. आणि त्यानंही नाव घेतलं नाही. माझंच हत्यार होतं, आणि ते त्याला माझ्याहून चांगलं चालवता येत होतं.

तो तिथंच थांबला नाही. "अन् काही जनीचे पाय," तो दोरीशी खेळत म्हणाला, "भाजीच्या वाडीत लईच रमतात म्हने. कपाय मोकयं, मंग पायायले कोन अडवते?"

दोनचार माणसं हसली. सोनानं पदर तोंडावर ओढला. काम जाणं, खोपटं जाणं हे एक, पण विधवा पोरीवर असं बोलणं एकदा आखरावर पडलं की तिला पुढे कोणी पाट लावणार नाही, कोणी दारात उभं करणार नाही. सगळं गाव आता माझ्याकडे पाहत होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं. भर दुपारी, माझ्या मायसमोर, वांगी घ्यायला आली होती, एवढंच. बापानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "गप राह्य, किसना. पाटलानं कोठं नाव घेतलं?"

मी नारळ धरून उभा राहिलो.

गोदा बायकांतून निघाली. बैलांच्या रिंगणात बाई येत नाही, पण ती आली, थेट तोरणाखाली. हातात आरतीचं ताट तसंच. "पाटील, नाव घ्या ना," ती म्हणाली. "गोदी. सोनाची लेक. हात माहे हायेत. गंजी म्या पाह्यली, तुमच्या गोठ्यामांग, कुडाच्या भिताडाआड. किसनाले म्याच सांगतलं. भर दुपारी सांगतलं, त्याची माय होती तिथं. इचारा तिले."

सगळे माझ्या मायकडे वळले. माय काही धीट म्हणून गावात ओळखली जात नव्हती, पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "होती ना मी. वांगे म्याच टाकले तिच्या पदरात. अन् माह्या पोराची बिशाद हाये का, माह्यासमोर कोन्या पोरीकडं मान वर कराची?"

कोणी तरी हसलं, ह्या वेळी वेगळं. पाटील म्हणाला, "बाईमानसानं तोरनाखाली येऊ नाई."

"जातो मी," गोदा म्हणाली. "तुमी ते दार उघडा. सडली असन तं लोक पाह्यतीन."

त्यापुढे काय झालं ते पाटलाच्याही हातात राहिलं नाही. रामजी नावाचा एक बुढा होता, त्याचा एकच बैल, गावात सगळ्यांत वाळलेला. पाटलाच्या बैलांआधी तोरणाखालून कोणाचा बैल जात नाही. रामजीनं आपल्या बैलाच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाला, "चाल बाप्पा. आपली पेंढी आपून पाहू." आणि तो तोरणाखालून गेला. मागून दुसरा, तिसरा. तोरण कोणी तोडलंच नाही, बैलांच्या शिंगांना लागून लोंबायला लागलं. घुंगरं वाजवत सगळा पोळा पाटलाच्या गोठ्यामागे गेला. भिंतीचा कूड काढावाही लागला नाही. बैलांना वास आला आणि त्यांनीच तो रेटला. आत गंजी होती, कोरडी, पिवळी, घरोघरच्या बंधांची.

मोऱ्यानं कडब्यात तोंड घातलं तेव्हा बाप रडला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. "काय झडती मारली रे लेका!" म्हणत मला गावभर फिरवलं, आणि मी खांद्यावर बसून फिरलो. खरं तेच लिहितो. मी उतरलो नाही.

पेंढ्या वाटल्या गेल्या. गायरान मात्र पाटलाकडेच राहिलं, तिथल्या कापसाला बोंडं धरली. चौथ्या दिवशी पाटलानं सोनाला खोपटं सोडायला सांगितलं. ते त्यानं सरळ सांगितलं, आता झाकायचं काय होतं? आणि ज्या गावाचे बैल गोदाच्या बोलण्यावर जेवले त्या गावात त्या दोघींना एक कोपरा मिळाला नाही. आमच्या घरी माय म्हणाली, "आपल्या कोठ्यात राहू द्या." बाप म्हणाला, "विहीर आपली, पन वाट पाटलाच्या वावरातून हाये. त्यानं वाट बंद केली तं?" दोघं माझ्याकडे पाहू लागले. मी भाकर खात होतो. खात राहिलो.

सोनाचा भाऊ अकोल्याला होता. एका कापसाच्या गाडीवर बसून त्या दोघी गेल्या. मायनं भाकरी आणि चटणी बांधून दिली. मी वाडीत केळीच्या आड उभा होतो. गोदानं मागे वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पुढे किती वेळा विचारलं, तिनं कधी सांगितलं नाही.

कापूस वेचून झाला तेव्हा मायनंच मला काढलं. म्हणाली, "तुह्या तोंडाले आता भाकर गोड लागत नाई, मले दिसते. जाय." अकोल्याला जाणाऱ्या गाड्यांसोबत हाकणारा म्हणून गेलो. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलो तर गल्लीत कापसाचा भुगा इतका उडत होता की माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. विचारत विचारत सोनाच्या भावाचं घर सापडलं. गोदा दारात बसून सुपात कापूस निवडत होती. काडी-कचरा बाजूला, बोंड बाजूला. व्यापाऱ्याकडून घरी आणायच्या त्या. माझ्याकडे पाहिलं आणि परत सुपाकडे.

मी वाटभर बोलणं जोडलं होतं. म्हटलं, "आमच्या वाडीत झेंडू लई फुलला यंदा, पन तोडनारं कोनी..."

"सरय बोल," ती म्हणाली. "झडती नोको मले."

मी घाम पुसला. "मायनं धाडलं. पाट लावाचा म्हनते."

"माय म्हनते. तू?"

"मी बी."

"मंग तवा काऊन नाई बोलला?"

सोना आतून बाहेर आली होती, उंबऱ्याशी थांबली. मी म्हटलं, "बाबानं हात धरला माहा."

"हात धरला. तोंड?"

"पाटलानं नाव घेतलं नव्हतं..."

ती काड्या काढत राहिली. मला कळलं की मी निघून गेलो तरी ती मान वर करणार नाही. गल्लीतून एक गाडी गेली, आम्ही दोघं भिंतीला सरकलो, गाडी गेली. मी म्हटलं, "भेलो होतो."

तिनं सूप थांबवलं. "किती?"

"लई. घरी बी भेलो, बाबा बोलत होता तवा. तू गाडीत बसली तवा केयीमांग लपून उभा होतो. आता बी भेऊन राह्यलो."

गोदानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैल घेताना लोक पाहतात तसं, दात पाहायचे तेवढे राहिले. मग म्हणाली, "आपल्या गावात सारेच भेले होते. सांगाले तू एकटा आला." आणि मागे न पाहता आईला म्हणाली, "माय, पानी दे त्याले. अन् बस म्हन, दारात उभा राह्यला तं उजेड अडते माहा."

मी बसलो. तिनं अर्धा कापूस माझ्यापुढे सरकवला.